अर्ध्या वचनाची चिठ्ठी

देवावर रागावलेला माणूस मंडळीत कुणालाच नको असतो. आजारी चालतो, दारू न सुटणारा चालतो, त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवता येते. पण शास्त्राकडे बोट दाखवून "हे खोटं आहे" म्हणणारा माणूस समोर आला की भले भले विश्वासू चपला शोधायला लागतात. एका पावसाळ्यात मी तसा माणूस झालो होतो. तो राग आता पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही. तसं म्हणालो तर ही साक्ष ऐकायला गोड होईल, पण ती खोटी होईल, आणि गोड करायच्या नादात मी एकदा काय करून बसलो तेच इथे सांगायचं आहे.

त्या काळी आमचा जिल्हा आंध्रात होता. तामसी मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या म्हणा, एका कापसाच्या गावात मी मराठी शाळेवर मास्तर होतो. कचेरीतले कागद तेलुगूत, बाजारातलं बोलणं निम्मं हिंदीत, पण घर आणि उपासना मराठीत. आसपासची गावं धरून ख्रिस्ती घरं मोजकीच. पाळकसाहेब आदिलाबादहून मोटारीने महिन्यातून दोनदा यायचे. एरवी शमुवेलमामा, म्हणजे आमच्या मंडळीतले सगळ्यात जुने वडील, प्रार्थना चालवायचे आणि शास्त्र, म्हणजे बायबल, मी वाचायचो. माझा आवाज बरा होता आणि अक्षर त्याहून बरं. या अक्षराचा मला गर्व होता हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नव्या वर्षाच्या सकाळी उपासना संपली की आमच्याकडे वचनाच्या चिठ्ठ्या काढायची रीत होती. जिल्ह्यातल्या तेलुगू मंडळ्यांतही ती आहे. शास्त्रातलं एकेक वचन लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात घालायच्या आणि लहानथोरांनी डोळे मिटून एकेक उचलायची. हाती येईल ते त्या माणसाचं वर्षाचं वचन. कुणी ती चिठ्ठी दारामागे चिकटवायचं, कुणी रेशनकार्डात ठेवायचं, एका म्हातारीने तर ज्वारीच्या कणगीत टाकली होती. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. डिसेंबर लागला की शाळा सुटल्यावर मी पाट घेऊन बसायचो, ड्रॉइंगचा कागद ब्लेडने दोन बोटं रुंद कापायचो, वचन निळ्या शाईत आणि अध्यायाचा आकडा लाल शाईत लिहायचो, मग विडीसारखी गुंडाळी करून दोरा बांधायचो.

सुरुवातीची काही वर्षं मी शास्त्र उघडून जे समोर येईल ते लिहीत असे. मग एका वर्षी शमुवेलमामांच्या हाती असं वचन आलं की प्रभू ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शिस्तही लावतो. मामा माझ्याशी ईस्टरपर्यंत बोलले नाहीत. त्या वर्षी म्हशीने लाथ मारली तरी दोष माझ्या चिठ्ठीचा. पुढच्या डिसेंबरपासून मी शहाणा झालो. शिक्षा, भट्टी, रडणं, क्रूस उचलणं, असलं सगळं गाळायचं आणि गोड तेवढं उतरवायचं. वचन लांब असलं तर चिठ्ठीत मावेल तेवढं घ्यायचं. लोक खूश, मामा खूश आणि माझ्या अक्षराचं कौतुक होई म्हणून मीही खूश.

माझी मुलगी करुणा दहा वर्षांची होती त्या वर्षी तिला एक्क्याण्णवाव्या स्तोत्रातलं वचन आलं. तुझ्यावर काही अरिष्ट येणार नाही, रोगराई तुझ्या घराजवळ फिरकणार नाही, अशा अर्थाचं. तिने ती चिठ्ठी कंपासपेटीत ठेवली. परीक्षेला जाताना ती एकदा उघडून बघायची, अंधाऱ्या कोठीत शिरायचं असलं तरी बघायची. मला ते पाहून फार बरं वाटायचं. पोरीचा विश्वास पाहा, असं मी चारचौघांत सांगायचो.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात तिला ताप भरला. दुपारी हुडहुडी, संध्याकाळी घाम. आमच्या भागात त्या दिवसांत हे घरोघर असतं, म्हणून गावच्या डॉक्टरने सुई दिली आणि आम्ही थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भलतंच बोलायला लागली. आपल्या आईला तिने बाई म्हणून हाक मारली, शाळेतल्या बाईंना मारतात तशी. तिची आई म्हणाली, "डोये पाहा तिचे. चाला, धाच्या मोटारीनं आदिलाबादले नेऊ." मी नाही म्हणालो. डॉक्टरने औषध दिलं होतं, असं कारण मी नंतर लोकांना सांगत आलो. खरं कारण ते नव्हतं. मी कंपासपेटीतून चिठ्ठी काढली, तिच्या उशीखाली ठेवली आणि बायकोला सांगितलं की हिचं वर्षाचं वचनच असं आहे, आता घाबरून पळालो तर तो अविश्वास होईल. दहाची मोटार गेली. चारची गेली. मी उशाशी बसून प्रार्थना करत होतो, आणि मला वाटत होतं की मी फार मोठं काहीतरी करतो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला झटके आले. गावातल्या एका व्यापाऱ्याची जीप मिळाली. बायको तिला मांडीवर घेऊन मागे बसली होती. मी चिठ्ठी उशीखालून उचलून खिशात घातली होती आणि वाटेत पुन्हा तेच पुटपुटलो, वचन आहे ना. बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. "ते तुमचं अक्षर हाय," ती म्हणाली, "देवाचं नाही." 

मलेरिया मेंदूत चढला आहे, असं दवाखान्यात सांगितलं. सलाईनमधून क्विनीन सुरू झालं. डॉक्टर माणूस सज्जन होता. काल आणायला हवी होती, एवढंच तो हळू म्हणाला. शुद्धीवर कधी येईल विचारलं तर म्हणाला, चार-पाच दिवस पाहू. येईल असं काही तो म्हणाला नाही. त्या खाटेशी उभा असताना मला जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. डासांवर आला, गावच्या सुईवर आला, खाली हसत चहा पिणाऱ्या माणसांवर आला. सगळ्यात जास्त आला तो खिशातल्या चिठ्ठीवर. वीस वर्षं मी हे पुस्तक लोकांना वाचून दाखवलं. माझ्या मुलीने ते खरं मानलं. आणि ती अशी पडली होती, डोळे अर्धे उघडे, हात मनगटापाशी आत वळलेले. स्वतःवर राग आला असता तर तो योग्य ठिकाणी गेला असता, पण तिथे जायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तो सगळा मी देवाच्या नावावर लावला. बायकोने टॉवेलात गुंडाळून शास्त्र आणलं होतं. त्याला मी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी शमुवेलमामा दोघा जणांना घेऊन आले. प्रार्थना केली, करुणाच्या कपाळावर हात ठेवला, इथवर ठीक होतं. मग ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, मनात काही पाप असंन तं कबूल करून टाका. वचन तं खोटं पडत नाही."

"मंग काय खोटं पडलं, मामा?"

"तुमचा इश्वास कमी पडून राह्यला."

एक दिवस अख्खा मी ज्या विश्वासापायी मोटार सोडली त्यालाच हा माणूस कमी म्हणत होता. माझा तोल गेला. "मामा, तुमाले शिस्तीचं वचन आलं तं तुमी ईस्टरलोक मायासंग बोलले नाही," मी म्हणालो. "माया पोरीले गोड वचन आलं अन् तिचं हे झालं. आता मी कोनासंग बोलनं बंद करू?" आणि खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या डोळ्यांदेखत चार तुकडे केले आणि खाटेखालच्या बादलीत टाकले. मामा उठले. त्यांना घाईत एकच चप्पल सापडली, दुसरी मी पायाने त्यांच्याकडे सरकवली. त्यात काही मोठेपणा नव्हता, ते लवकर जावेत एवढंच मला हवं होतं.

शेजारच्या खाटेवर एक चार-पाच वर्षांची मुलगी होती आणि तिची आजी हे सगळं पाहत होती. आजी तेलुगू मंडळीतली होती, बेल्लमपल्लीच्या खाणकामगारांच्या क्वार्टरमध्ये राहणारी. लेक गुडीहत्नूरला दिलेली, ती बाळंतपणात होती, म्हणून नातीजवळ आजी बसली होती. आम्ही तिला नुसतं अम्मा म्हणत होतो. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक होतं, कारण नातीच्या औषधाची चिठ्ठी ती माझ्याकडून वाचून घ्यायची. त्या दुपारी भेटायला येणारे गेले, वॉर्ड शांत झाला, बायको खाली पाणी आणायला गेली. तेव्हा अम्माने विचारलं, फाडलंस त्या कागदावर काय होतं?

मी तेलुगूत सांगितलं. चिडून सांगितलं, एकेक शब्द तिच्यासमोर आपटल्यासारखा. ती मान हलवत ऐकत राहिली आणि मी थांबल्यावर म्हणाली, "तर्वाता?" म्हणजे, मग पुढे?

पुढे काही नाही, मी म्हणालो, तेवढंच होतं. तिला ते समजेना. एवढंच कसं असेल, तिने विचारलं, याच्या आधीचं कुठे आहे? नंतरचं कुठे आहे? ते मधलं आहे. मला मधूनच म्हणता येत नाही. सासूने गाऊन शिकवलं, तसं सुरुवातीपासूनच येतं. असं म्हणून तिने एक हात नातीच्या पायांवर ठेवला, दुसरा लांब करून करुणाच्या पायांवर ठेवला आणि गायला लागली. आवाज फाटका होता. चालीत सूर कमी आणि श्वास जास्त.

ते स्तोत्र मी मंडळीत कितीतरी वेळा वाचलं होतं. त्या दुपारी मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. त्यात पारध्याचा फास आहे, दिवसा येणारा बाण आहे, अंधारात फिरणारी मरी आहे, शेजारी हजारो माणसं पडत आहेत, वाटेवर साप आणि सिंह आहेत. इतकी संकटं ज्या गाण्यात आहेत ते संकट न येणाऱ्या माणसाचं गाणं असेलच कसं? मधेच माझी ओळही आली, चिठ्ठीतली. अम्मा तिथे थांबली नाही. ती पुढे गेली, आणि शेवटाकडे देव स्वतः बोलायला लागतो तिथे आली. तो मला हाक मारील आणि मी उत्तर देईन, असं तिथे देव म्हणतो. आणि म्हणतो की तो संकटात असेल तेव्हा मी त्याच्याबरोबर असेन.

 तिथे मला तो डिसेंबर लख्ख आठवला. पाट, ब्लेड, दोन्ही शाया. हे स्तोत्र समोर उघडं होतं आणि मी आधी हीच खालची ओळ लिहायला घेतली होती. मग त्यात 'संकट' शब्द दिसला. मामा पुन्हा रुसतील, असं मनात आलं, आणि मी ती सोडून वरची घेतली. देवाने दोन्ही ओळी एका गाण्यात ठेवल्या होत्या. ब्लेड माझं होतं. प्रभूची परीक्षा घ्यायला सैतान आला तेव्हा मंदिराच्या टोकावर उभं करून त्यानेही याच स्तोत्राचा सोयीचा तुकडा पुढे केला होता, हे मी लहान मुलांना रविवारच्या वर्गात हातवारे करून शिकवत असे. अख्ख्या तामसी मंडलात ही गोष्ट माझ्याइतकी छान कुणी सांगत नव्हतं.

पण लाज वाटली म्हणून राग गेला नाही. उलट तो अम्मावर गेला. तिच्या गाण्याचा शेवट दीर्घ आयुष्याच्या गोष्टीने होतो. मी विचारलं, तुमचे यजमान कुठे आहेत? मला ते दिसत होतं, तिच्या कपाळावर, हातांवर, तरी विचारलं. ती म्हणाली, छातीच्या दुखण्याने गेले, पोरं लहान होती. मग ही शेवटची ओळ कशी म्हणता तुम्ही, मी विचारलं. तिला राग आला नाही. तिने जे सांगितलं ते मराठीत असं होतं: "म्हणते. म्हटल्यावर त्यालाच विचारते, कुठे गेलं ते आयुष्य? तो सांगत नाही. दुसऱ्या दिवशी परत म्हणते, परत विचारते. मी रागावते बाबा, पण उठून जात नाही. तोही जात नाही."

बायको पाणी घेऊन आली तेव्हा मी टॉवेल सोडून शास्त्र काढलं होतं. खाटेशी उभा राहून मी ते स्तोत्र मराठीत वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कुणाला खडसावावं तसं. मग मनात म्हणालो, एक दिवस मी घालवला, तू नाही. तो आता मला परत आणता येत नाही. ही तुझी आहे, वाचवायची तर वाचव, न्यायची तर ने, मी तुला आता कोणतीही चिठ्ठी दाखवणार नाही. फक्त इथून उठून जाऊ नकोस. यात भक्ती किती होती मला माहीत नाही. मी दमलो होतो आणि हातातलं सगळं खाली ठेवून दिलं. त्यानंतर बायकोला मी पहिल्यांदा तोंडाने म्हणालो की चूक माझी होती. तिने करुणाच्या ओठांना ओला कापूस लावला आणि मला तिथे बसायला जागा करून दिली.

दोन दिवस काहीच बदललं नाही. अम्माच्या नातीला घरी सोडलं. जाताना अम्माने करुणाच्या पायांना हात लावला आणि आम्हाला एक मोसंबं दिलं. तिचं नाव मी विचारलं नाही, पुढे बेल्लमपल्लीत चौकशी केली तेव्हा नावाशिवाय कुणाला काय विचारणार. रोज सकाळी आणि दुपारी मी अख्खं स्तोत्र वाचत होतो आणि वाचताना रोज चिडत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सलाईन बदलत असताना करुणाने डोळे उघडले आणि मला विचारलं, "बाबा, शायेची घंटी कोन वाजवून राह्यलं?" घंटी कुठेच वाजत नव्हती, ती औषधाने तिच्या कानात वाजत होती. पण तिने बाबा म्हटलं होतं. तिची आई खाटेचा दांडा धरून खाली बसली आणि मोठ्याने रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळपर्यंत तिला नीट बोलता आलं आणि तिने कंपासपेटी मागितली. मी सांगितलं, ती घरी आहे. "मंग माही चिठ्ठी?" तिने विचारलं. मला खोटं बोलता आलं असतं. हरवली म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं.

"फाडली म्या," मी म्हणालो.

"काऊन?"

"अर्धीच लिवली होती म्या ते."

 तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "मंग पुरी लिवा नं," ती म्हणाली.

पुढच्या डिसेंबरात मी चिठ्ठ्या लिहिल्या, पण त्यांवर नुसतं पुस्तकाचं नाव आणि अध्यायाचा आकडा. ज्याला जो येईल त्याने तो वर्षभर अख्खा वाचायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला मी घरी जाऊन वाचून दाखवायचा. लोक कुरकुरले. शमुवेलमामांना पहिल्याच वर्षी विलापाचा अध्याय आला. ते दर रविवारी उपासनेनंतर माझ्याशी भांडायचे, पण बोलणं बंद केलं नाही, आणि त्यांच्या गेलेल्या बायकोबद्दल मी त्यांना पहिल्यांदा बोलताना ऐकलं ते त्याच वर्षी. शास्त्र खरं ठरतं का असं मला आजही तरुण मुलं विचारतात. मी त्यांना बादलीतल्या तुकड्यांची गोष्ट सांगतो. मी फाडलं ते माझं होतं. टॉवेलात गुंडाळलेलं जे होतं त्यातला एक शब्दही माझ्या रागाने कमी झाला नाही, आणि मी रागात होतो तेव्हाही ते तिथेच होतं. त्याबद्दल मी प्रभूचा ऋणी आहे, त्या फाटक्या आवाजाबद्दलही.

करुणा बरी झाली. उजव्या कानाने मात्र तिला पुन्हा ऐकू आलं नाही. औषधाने गेला की त्या एका दिवसाने, हे मी कुणाला विचारलं नाही, देवाला विचारतो, आणि तो अजून बोललेला नाही. आता ती स्वतः शाळेत शिकवते. सुट्टीत घरी आली की सकाळी आम्ही तिघं एक अध्याय वाचतो, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. वाचताना ती माझ्या उजव्या हाताला बसते, म्हणजे तिचा डावा कान माझ्याकडे येतो.